हलीमाबाईंच्या वहीविषयी खुलासा

'निधीच्या सेविका दिवंगत हलीमाबाई यांनी नव्या आरोग्ययोजनेला प्रारंभी काहीसा विरोध केला. त्यांचा नातू आजारी असल्याने त्यांची चिंता स्वाभाविक होती. नातवाच्या उपचारांचे संरक्षण कायम राहील, असे आश्वासन तत्कालीन चिटणीसांनी देताच त्यांनी मोठ्या मनाने आपला विरोध मागे घेतला. अशा रीतीने कार्यकारिणीच्या दूरदृष्टीमुळे निधीच्या लहान मुलांचे आरोग्यकवच अबाधित राहिले.'

हा मजकूर आमच्या कारागीर आरोग्य निधीच्या ताज्या स्मरणिकेत छापून आला आहे. त्यातील 'दिवंगत' हा एक शब्द खरा आहे. बाकीच्याविषयी मला वाद घालायचा आहे, आणि तो घालण्याचा अधिकार मला आहे, कारण मजकुरातले 'तत्कालीन चिटणीस' म्हणजे मीच. या उताऱ्यात माझी स्तुती आहे, हे मला समजते. विलासराव, म्हणजे निधीचे विद्यमान अध्यक्ष आणि या स्मरणिकेचे संपादक, मला फोनवर तेच म्हणाले, "अहो, तुमचं नाव चांगलंच आलंय की त्यात. कशाला उकरून काढताय?" मी आयुष्यभर दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत काम केले. खोटी साक्ष माझ्या बाजूने दिली गेली म्हणून ती खरी ठरते, असे मला तेथे कोणी शिकवले नाही.

ज्यांनी हलीमाबाईंना पाहिले नाही, त्यांच्यासाठी आधी निधीविषयी सांगितले पाहिजे. कसबा पेठेतले तांबट, बुरूड, बुकबाइंडर आणि कल्हईवाले यांनी आमच्या वडिलांच्या पिढीत वर्गणी गोळा करून हा निधी उभा केला. दोन खोल्यांचा दवाखाना, अर्धा दिवस बसणारे डॉक्टर, औषधे आणि सभासदांची वही, एवढाच त्याचा पसारा. हलीमाबाई एका कल्हईवाल्याच्या पत्नी. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या. पती गेल्यानंतर त्या दवाखान्यात पगारावर लागल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. इंजेक्शन देणे, औषधे देणे, रांग लावणे आणि मुलांची नोंदवही ठेवणे ही चारही कामे त्यांची होती.

त्यांची माझी पहिली भेट मला शोभणारी नाही, तरीही ती सांगतो. मी नुकताच चिटणीस झालो होतो आणि घसा धरल्यामुळे दवाखान्यात गेलो होतो. माझ्या आधी पाच-सहा बायका पोरे घेऊन बसल्या होत्या. मी माझी ओळख दिली. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी मला बाक दाखवला आणि म्हणाल्या, "रडणाऱ्याला आधी, बोलणाऱ्याला नंतर."

मी म्हणालो, "मला बोलता येत नाही, म्हणून तर आलोय."

"तेच तर मघापासून बोलताय," त्या म्हणाल्या. बाकावरच्या बायका हसल्या. मी पाऊण तास बसलो. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी मला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितले आणि डॉक्टरांकडे पाठवलेच नाही. दुसऱ्या दिवशी घसा बरा झाला, याचा मला पुष्कळ दिवस राग होता.

आमच्या निधीत एक जुनी प्रथा होती, आणि हा सारा वाद तिच्यावरच उभा आहे. सभासदाच्या घरी मूल जन्मले की ते बापाच्या कार्डावर चढवले जात नसे. ते स्वतःच्या नावाने 'बालसभासद' होई. त्याचा क्रमांक वेगळा, त्याचे कार्ड वेगळे. बाप वर्गणी थकवो, पुणे सोडून जावो की मरो, मुलाचे कार्ड अठराव्या वर्षापर्यंत चालू राही. ही नोंद बारशाच्या दिवशी होत असे आणि त्यासाठी हलीमाबाई स्वतः वही घेऊन घरी जात. मुसलमान घरांत अकीक्याच्या दिवशी जात. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले की वही पाळण्याशेजारी उघडली जाई. "घुगऱ्या नंतर. आधी सही," असे त्या म्हणत. सही कोणाची, याबाबत त्यांचा नियम एकच होता, "बाळ ज्याच्या मांडीवर, सही त्याची."

पेठेतली घरे अपुरी पडू लागली तशी सभासदांची मुले-सुना विश्रांतवाडीला, मांजरीला राहायला गेली. हलीमाबाई बसने तिकडे जाऊ लागल्या. मांजरीच्या एका बारशाला मीही होतो. बाळाच्या आईचा आजेसासरा, जुना शेतकरी, पागोटे सावरत पुढे आला.

"आणा हिकडं. सही म्या करतो. घर माझं हाय."

"घर तुमचंच आहे, आजोबा," हलीमाबाई म्हणाल्या. "बाळ कुणाकडे आहे?"

"आयकडं हाय. कुटं जानार?"

"मग घराची सही असेल तेव्हा तुमच्याकडे येते."

आजोबा आधी गोंधळले, मग मोठ्याने हसले. सही त्या विशीतल्या मुलीने केली. मांडीवर बाळ असल्यामुळे ती वाकडी आली. हलीमाबाईंनी ती वाळेपर्यंत वही उघडी धरली. परतताना बसमध्ये मी त्यांना म्हणालो, की पालक म्हणून वडिलांची सही घेणे अधिक रीतसर होईल. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "रीतसर घ्या की. ताप आल्यावर रीतसर बापाला बोलवा." तो विषय मी तेथेच सोडला. वही त्यानंतर मीही उघडून पाहिली नाही. चिटणीस म्हणून माझ्या ज्या चुका झाल्या, त्यांत ही पहिली.

दुसरी चूक मोठी होती. काही वर्षांपूर्वी सगळीकडेच आरोग्याच्या योजना बदलू लागल्या. सरकारी कार्डे आली, विमा कंपन्यांचे तरुण प्रतिनिधी टाय लावून पेठेत फिरू लागले. निधीचा दवाखाना बंद करावा आणि सर्व सभासदांसाठी एक सामूहिक विमा घ्यावा, अशी सुधारणा कार्यकारिणीने ठरवली. तिचा मसुदा मी लिहिला. मसुदा सुरेख होता, हे आजही सांगतो. त्यात तीनच गोष्टी मला खटकायला हव्या होत्या. विमा बापाच्या नावाने होता आणि मुले त्याची अवलंबित होती. एका कुटुंबात दोनच मुले धरली जात. आणि चोवीस तास रुग्णालयात दाखल झाल्याखेरीज कसलाही खर्च मिळत नसे.

कार्यकारिणीच्या बैठकीत हलीमाबाईंना माहिती देण्यापुरते बोलावले होते. त्यांनी तो मसुदा बोट लावून शेवटपर्यंत वाचला.

"चोवीस तास म्हणजे?" त्यांनी विचारले.

"म्हणजे रुग्ण दाखल हवा," मी म्हणालो.

"पोर आजारी पडतं ते चोवीस तासांच्या बोलीनं पडत नाही, चिटणीससाहेब. कान संध्याकाळी फुटतो. जुलाब दुपारी लागतात. आणि माझी एकवीस दिवसांची पोरं कुठे दाखल करू?"

'एकवीस दिवसांची पोरं' म्हणजे काय, हे तेथे डॉक्टर सोडून कोणालाही माहीत नव्हते. मलाही नाही. हलीमाबाईंनी समजावले. घशाच्या दुखण्यातून काही मुलांच्या हृदयाच्या झडपा बिघडतात. अशा मुलांना दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते चुकले तर झडप आणखी बिघडते. इंजेक्शन पाच मिनिटांचे असते. त्यासाठी कोणी चोवीस तास दाखल होत नाही, म्हणून विमा त्याचा खर्च देत नाही. झडप पार गेली आणि छाती उघडायची वेळ आली, म्हणजे मात्र देतो. आमच्याकडे अशी चार मुले होती. त्यांतली सायली ही आमच्याच आळीतल्या तांबटाची मुलगी. तिचा बाप घर सोडून गेलेला. बापाच्या नावावरच्या विम्यात तिला जागाच नव्हती.

"अशा अपवादांसाठी वेगळी तरतूद करू," विलासराव म्हणाले. ते तेव्हा खजिनदार होते.

"केव्हा?"

"करू हो. आधी मुख्य योजना मंजूर होऊ द्या."

"म्हणजे आधी छप्पर काढायचं, मग छत्री शोधायची," हलीमाबाई म्हणाल्या.

दोन तास त्या एकट्या भांडत होत्या. माझ्या मसुद्यातली प्रत्येक ओळ त्या बोटाने दाखवत होत्या आणि प्रत्येक ओळीखाली त्यांच्याकडे एका मुलाचे नाव होते. मी चिडलो. आपले लेखन असे सोलले जाताना पाहण्याची मला सवय नव्हती. त्यांचा नातू दम्याने आजारी असे आणि शाळा सुटल्यावर दवाखान्याच्या बाकावर बसून राही, हे मी रोज पाहत होतो. मी म्हणालो, "हलीमाबाई, आडून कशाला बोलता? आपल्या नातवाची सोय मी लावून देतो. मग झालं ना समाधान?"

त्यांनी पेनाला टोपण लावले. माझ्याकडे पाहिले, त्या पाहण्यात रागही नव्हता. म्हणाल्या, "आज मंगळवार. सायली येईल इंजेक्शनला. मी निघते." आणि त्या निघून गेल्या.

त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ मी कबुली असा लावला. कचेरीत असताना मी कारकुनांना बजावत असे की पक्षकार गप्प बसला म्हणजे त्याने मान्य केले असे लिहू नका. स्वतःवर वेळ आली तेव्हा मी तेच केले. त्याच संध्याकाळी चहा पिताना विलासरावांना म्हणालो, "नातवाचं सांगितलं तेव्हा बाई गार झाल्या." स्मरणिकेतली ती आश्वासनाची आणि मोठ्या मनाची गोष्ट येथे जन्मली. ती विलासरावांनी रचलेली नाही. ती माझ्या तोंडून निघाली आहे. म्हणूनच ती खोडण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.

आता 'विरोध मागे घेतला' याविषयी. त्यानंतरच्या रविवारी शाळेच्या सभागृहात सर्वसाधारण सभा झाली. ठराव मांडणारा मी होतो. सभा सुरू होण्याआधी बायका येऊ लागल्या. काही पेठेतल्या, काही विश्रांतवाडीहून रिक्षा करून आलेल्या, कडेवर पोरे. बुरूड आळीतल्या होत्या, मोमीनपुऱ्यातल्या होत्या. खुर्च्या भरल्या, तरी येतच होत्या.

विलासराव व्यासपीठावरून म्हणाले, "महिलांनी कृपया मागे बसावं. चहा सभेनंतर आहे."

सायलीची आई पहिल्या रांगेत बसली होती. ती म्हणाली, "चहाला नाही आलो, काका. मताला आलोय."

"मत सभासदांना असतं, बाई."

तेव्हा हलीमाबाई मागून पुढे आल्या. हातात वही आणि निधीच्या घटनेची जुनी, पिवळी पडलेली प्रत. दोन्ही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या. त्या पगारी नोकर होत्या, त्यांना स्वतःला मत नव्हते. "चिटणीससाहेब, बालसभासदाचं कलम वाचता का?" त्या म्हणाल्या. "आपला आवाज खणखणीत आहे."

मी वाचले. बालसभासदाच्या हिताला बाध येईल अशा ठरावावर, त्याच्या वतीने, नोंदवहीत पालक म्हणून ज्या व्यक्तीची सही असेल ती व्यक्ती मत देईल. असे कलम आमच्या वडिलांनी घालून ठेवले होते. त्यांच्या मनात बापच असणार, यात मला शंका नाही. कोणी पुढे कोणाच्या सह्या घेत बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. मग मी वही उघडली. पान उलटले, पुढचे उलटले. वाकड्या, घाईच्या, मांडीवर बाळ असताना केलेल्या सह्या. जवळजवळ सर्व आयांच्या. क्वचित एखादी आजी, एखादी मावशी. बाप मोजकेच.

सभेत गोंधळ झाला. कोणी म्हणाले, हे कलम मेलेले आहे. कोणी म्हणाले, ही बाई नोकर असून सभा चालवते आहे. विलासराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कलम कालबाह्य आहे असा निर्णय द्या आणि मोकळे व्हा." मी तो निर्णय दिला नाही. याचे श्रेय मला नको. छापील कलम डोळ्यांसमोर असताना ते नाही असे म्हणणे मला जमत नाही, एवढेच. मी वहीतली नावे एकेक करून वाचली आणि प्रत्येक नावाला एक हात वर झाला. मुलांना बापाच्या विम्यात ढकलणारा माझा ठराव पडला. दुरुस्ती होऊन प्रौढांसाठी विमा घेतला गेला. मुलांचा दवाखाना आणि मुलांची वही जशीच्या तशी राहिली. हलीमाबाईंनी विरोध मागे घेतला नाही. त्यांनी आम्हांला हरवले. सभा संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "वाचन चांगलं झालं. आता गुळण्या करा."

त्यानंतर त्या पाच वर्षे काम करत होत्या. एकवीस दिवसांचे एखादे पोर आले नाही की संध्याकाळी त्याच्या दारात उभ्या राहत. कोणी म्हणे, उद्या येतो. त्या म्हणत, "उद्या बाविसावा दिवस आहे." गेल्या वर्षी झोपेतच गेल्या. शेवटच्या आठवड्यातही त्यांनी कोंढव्याला एका अकीक्यात जाऊन नोंद केली होती. दफनाला पेठेतल्या बायका कब्रस्तानाच्या दाराशी उभ्या होत्या. सायली आता महाविद्यालयात जाते. तिच्या इंजेक्शनाचा दिवस तीच लक्षात ठेवते.

मग हा जुना वाद आज का, असे विलासराव विचारतात. कारण पुढच्या महिन्याच्या सभेच्या सूचनापत्रात तोच ठराव पुन्हा आला आहे. 'मुलांचे सर्व उपचार आता सरकारी कार्डावर होतात, सबब बालसभासद नोंदवही व दवाखाना बंद करण्यात यावा.' कार्डावर काय होते, ते मी पाहून आलो. सायलीच्या आईबरोबर त्या कार्डाच्या एका केंद्रावर जाऊन बसलो. खिडकीतल्या मुलाने यंत्रात पाहून सांगितले, "आजोबा, इंजेक्शन ओपीडीत येतं. ते कव्हर नाही. अ‍ॅडमिट झाली तर बघू." दाखवलेल्या दूरध्वनी क्रमांकावर वीस मिनिटे सनई वाजली आणि फोन बंद झाला. कार्डावर बरेच काही होत असेल. बाविसावा दिवस टाळणे मात्र होत नाही.

आणि या ठरावाच्या बाजूने विलासराव काय पुरावा देतात? स्मरणिका. मागच्या वेळचा विरोध एका नोकरबाईच्या घरगुती अडचणीपुरता होता, ती अडचण दूर होताच तो मिटला, त्यामुळे ही वही म्हणजे एका व्यक्तीचा हट्ट आहे, ती व्यक्ती गेली, आता वहीही जाऊ द्यावी. असा त्यांचा युक्तिवाद आहे. मेलेल्या माणसाची बदनामी करून जिवंत मुलांचे औषध बंद करण्याची ही रीत मी आमच्या कचेरीतसुद्धा पाहिली नव्हती.

मी खुलासा पाठवला. कार्यालयातल्या तरुणाने कळवले, "सर, छापून झालंय, पीडीएफपण फायनल झालीये. आता चेंज नाही होणार." विलासराव म्हणाले, पुढच्या अंकात पन्नास शब्दांत द्या. पन्नास शब्दांत मी फार तर विलासरावांची क्षमा मागू शकतो, आणि क्षमा मागायची आहे ती हलीमाबाईंची. शिवाय ते म्हणाले, "पुरावा काय? तुम्हीच तर मला सांगितलं होतं." हा प्रश्न योग्य आहे. माझा शब्द माझ्याच आधीच्या शब्दाविरुद्ध पुरेसा नाही.

म्हणून मी पुरावा गोळा केला. घटनेप्रमाणे पगारी नोकरांच्या घरच्या मुलांनाही बालसभासद होता येते, त्याचे कलम स्वतंत्र आहे. आणि ज्याचे नाव वहीत नाही, त्याला दवाखान्यातून साधी गोळीही मिळत नाही. हा नियम हलीमाबाई किती कडकपणे पाळत, हे अर्धी पेठ सांगेल. मी सर्व वह्या दवाखान्यात मागवल्या, डॉक्टरांना आणि सायलीच्या आईला शेजारी बसवले आणि चार दुपारी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक नाव वाचले. विलासरावांच्या नातीचे नाव आहे. माझ्या दोन्ही नातवांची आहेत, सुनेच्या सहीने. हलीमाबाईंच्या नातवाचे नाव एकाही पानावर नाही.